जबड्याचा सांधा का जखडतो?

जेवणे, बोलणे, जांभई देणे, दात घासणे या गोष्टी आपण रोज करतो. त्यासाठी तोंड उघडावे लागते, याचा विचारही आपल्या मनात येत नाही. परंतु काही माणसांचे, विशेषतः काही लहान मुलांचे तोंड उघडतच नाही. असे मूल दवाखान्यात अधूनमधून येते. वय आठ-दहा वर्षांचे, वजन वयाच्या मानाने कमी, हनुवटी आत गेलेली. आई सांगते, "डॉक्टर, याला भाकरी चावता येत नाही. दुधात कुस्करून द्यावी लागते." 'आ' कर म्हटले की ओठ उघडतात, पण दात जागचे हलत नाहीत. हे केव्हापासून, असे विचारले तर घरात कोणालाच नेमके सांगता येत नाही. खोदून विचारले की आजीला आठवते, मूल तीन-चार वर्षांचे असताना ओट्यावरून पडले होते, हनुवटीला टाके पडले होते. जखम आठवड्यात भरली आणि सगळे ते विसरून गेले.

जबड्याचा सांधा जखडून त्याची हाडे एकमेकांना चिकटण्याच्या या विकाराला वैद्यकशास्त्रात 'अँकिलॉसिस' म्हणतात. हा विकार फार मोठ्या संख्येने आढळतो असे नाही. पण ज्या मुलाला होतो त्याचे खाणे, बोलणे, झोप, चेहरा आणि शिक्षण या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. वेळीच लक्ष दिले तर तो पुष्कळदा टाळता येतो. म्हणून आजच्या लेखात त्याची कारणे जरा सविस्तर पाहू.

हा सांधा असतो कसा?

आपल्या दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी फिरताना आणि पुढे सरकताना जाणवेल. तोच जबड्याचा सांधा.

खालचा जबडा हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे एकच हाड आहे. त्याची दोन्ही टोके कानाच्या दिशेने वर वळलेली असतात आणि प्रत्येक टोकावर एक लहानसे लांबट-गोल डोके असते. कानशिलाच्या हाडाला खालून एक खोबण असते. जबड्याचे डोके या खोबणीत बसते. हाडावर हाड घासू नये म्हणून दोघांच्या मध्ये एक मऊ पण चिवट चकती असते आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याला अगदी लागून पाठीमागे कानाची नळी आहे, हेही लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

तोंड उघडताना या सांध्यात दोन हालचाली होतात. सुरुवातीला डोके दाराच्या बिजागरीप्रमाणे जागच्या जागी फिरते. तोंड अधिक उघडू लागले की ते खोबणीतून पुढे सरकते. या दोन्ही हालचाली नीट झाल्या तरच तोंड पूर्ण उघडते. निरोगी मोठ्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण ४० ते ५० मिलिमीटर अंतर पडते. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर कारण शोधायला हवे.

आणखी एक गोष्ट. जबड्याचे हाड एकच असल्यामुळे उजवा आणि डावा सांधा एकमेकांशिवाय काम करू शकत नाहीत. एका बाजूचा सांधा जखडला की दुसरा निरोगी असूनही तोंड उघडत नाही. शिवाय लहान मुलांमध्ये खालच्या जबड्याच्या वाढीचा बराच भाग या डोक्यावरील कूर्चेवर अवलंबून असतो. त्यामुळे मोठेपणी सांधा जखडला तर तोंड उघडत नाही एवढेच होते. बालपणी जखडला तर जबडाही वाढायचा राहतो.

दातखीळ वेगळी, सांधा जखडणे वेगळे

तोंड उघडत नाही असे म्हटले की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो दातखीळ बसल्याचा. दातखीळ ही मुख्यतः जबड्याच्या स्नायूंची गोष्ट आहे. अक्कलदाढ येताना हिरडी सुजली, दाढेच्या मुळाशी गळू झाले, टॉन्सिलच्या बाजूला पू झाला, गालगुंड झाले, तर जवळचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासे होते. दाढ काढण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनानंतरही काही दिवस असे होऊ शकते. अशा वेळी बहुधा दुखणे असते, सूज असते, कधी ताप असतो, आणि सारे काही थोड्या दिवसांत घडते. मूळ दुखणे बरे झाले की तोंड पुन्हा उघडू लागते.

दातखिळीचे सर्वांत धोक्याचे कारण म्हणजे धनुर्वात. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी, आणि कधी जखम कोणाच्या लक्षातही नसताना, जबडा आवळू लागला, गिळता येईना, मान-पाठ ताठ होऊ लागली तर घरी एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. लहानपणीच्या लसी आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी मिळणारी 'टीडी'ची लस वेळच्या वेळी घेतली तर हा रोग टाळता येतो.

सांधा जखडण्याची रीत याच्या उलट आहे. तो हळूहळू, काही महिन्यांत किंवा वर्षांत जखडतो आणि बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच घरच्यांच्या लक्षात येत नाही. मूल स्वतःहून मऊ खाऊ लागते, मोठा घास टाळते, आणि 'हा खाण्याच्या बाबतीत फार नखरे करतो' असा घरात समज होतो.

पहिले कारण : हनुवटीवरचा मार

सांधा जखडण्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे इजा, आणि त्यातही हनुवटीवर पडणे. जिना, ओटा, झोपाळा, पेरूचे झाड, सायकल, मोटारसायकलची टाकी, कुठूनही मूल तोंडावर पडले की हनुवटी आधी आपटते. जखम हनुवटीला दिसते. परंतु तो दणका हाडातून वर जातो आणि जबड्याची दोन्ही डोकी कानशिलाच्या खोबणीवर आदळतात.

मोठ्या माणसात अशा वेळी डोक्याखालची बारीक मान मोडते. लहान मुलात, विशेषतः पाच वर्षांखालील मुलात, ही मान आखूड आणि जाड असते. डोक्याचे वरचे कवच मात्र पातळ असते व आत रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे डोकेच चिरडल्यासारखे होते. सांध्यात रक्त साठते, त्यात हाडाचे बारीक कण मिसळतात. मधली चकती फाटली किंवा सरकली तर दोन्ही हाडे एकमेकांना थेट भिडतात. दुखते म्हणून मूल जबडा हलवत नाही. साठलेल्या रक्ताच्या गुठळीत आधी तंतू तयार होतात. पुढे त्या तंतूंच्या जागी हाड तयार होते आणि सांध्याच्या जागी हाडाचा एक गोळाच उरतो.

हनुवटीवर पडलेल्या प्रत्येक मुलाचे असे होत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. परंतु ज्यांचे होते त्यांच्या बाबतीत इजा, साठलेले रक्त, सरकलेली चकती आणि त्यानंतर जबडा न हलवणे, या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. यातील शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे. मोडलेल्या हाताला आपण प्लास्टर घालून स्वस्थ ठेवतो. मुलाच्या जबड्याच्या सांध्याला मात्र फार दिवसांची विश्रांती चालत नाही. मुलांच्या या मोडीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. दात तारेने बांधण्याची वेळ आलीच तरी ती एक-दोन आठवड्यांपुरतीच असते, आणि त्यानंतर लगेच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू करावे लागतात.

जन्माच्या वेळी चिमटा लावून झालेले कठीण बाळंतपण हेही इजेचे एक कारण म्हणून वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेले आहे.

दुसरे कारण : कानातला पू

जबड्याचा सांधा कानाच्या नळीला लागून असतो हे वर सांगितले. लहान मुलांमध्ये या दोहोंमधील हाड पूर्ण तयार झालेले नसते. त्यामुळे कानाचा जुना, वाहणारा आजार किंवा कानामागच्या हाडात झालेला पू सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. सांध्यात पू झाला की वरचे गुळगुळीत आवरण नष्ट होते आणि उघडी पडलेली हाडे भरून येताना एकमेकांना चिकटतात. तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर तेही जंतू सांध्यात जाऊन बसू शकतात.

आपल्याकडे मुलाचा कान वाहणे ही गोष्ट अजूनही हसण्यावारी नेली जाते. 'मोठा झाला की थांबेल' असे म्हणून कानात कोमट तेल, लसणाचे तेल घातले जाते. हे करू नये. वाहणारा कान कोरडा ठेवावा, डॉक्टरांना दाखवावा आणि दिलेले औषध पूर्ण दिवस घ्यावे. कान दुखण्याबरोबर मुलाचे तोंड कमी उघडू लागले, किंवा कानापुढे वा कानामागे सूज आली तर त्याच दिवशी दाखवावे.

तिसरे कारण : संधिवात

प्रतिजैविकांचा वापर वाढल्यापासून पुवाने जखडणारे सांधे कमी झाले. संधिवाताचे कारण मात्र कायम आहे. हातापायांच्या लहान सांध्यांना सूज आणणारा आमवात, सोळा वर्षांखालील मुलांना होणारा संधिवात, पाठीचा कणा ताठ करणारा 'अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस' आणि सोरायसिस या त्वचाविकाराबरोबर येणारा संधिवात, या सर्वांत जबड्याचा सांधा सापडू शकतो.

मुलांच्या संधिवातात जबड्याचा सांधा पुष्कळदा मुळीच दुखत नाही. गुडघा सुजतो, सगळ्यांचे लक्ष गुडघ्याकडे असते आणि जबडा मात्र मुकाट्याने खराब होत जातो. म्हणून संधिवात असलेल्या मुलाचे तोंड किती उघडते हे प्रत्येक भेटीत पाहून घ्यावे. तरुण माणसाची कंबर व पाठ सकाळी उठताना ताठ असेल, हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होत असेल आणि त्याबरोबर जबडाही आखडू लागला असेल, तर दोन तक्रारींचा एकत्र विचार व्हायला हवा. आज या रोगांवर चांगली औषधे आहेत. ती वेळेवर सुरू केली तर सांधा वाचतो.

येथे एक दिलासाही द्यायला हवा. पुष्कळ लोकांच्या, विशेषतः तरुण स्त्रियांच्या जबड्यात घास चावताना 'कट्' असा आवाज येतो. कधी दुखते, कधी क्षणभर अडकते. मधली चकती जागेवरून थोडी सरकणे, झोपेत दात करकरा खाणे, मनावरचा ताण ही त्याची नेहमीची कारणे आहेत. नुसत्या आवाजाने सांधा जखडत नाही. मऊ आहार, कोमट पाण्याचा शेक, सुपारी व च्युइंगम बंद करणे आणि दातांच्या डॉक्टरांचा सल्ला एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. मात्र आवाज बंद होऊन एकाएकी तोंड निम्मेच उघडू लागले तर दाखवायला उशीर करू नये.

सांधा चांगला, तरी तोंड बंद

काही रुग्णांचा सांधा निरोगी असतो. अडथळा सांध्याबाहेर असतो. आपल्या भागात मोठ्या माणसाचे तोंड हळूहळू उघडेनासे होण्याचे फार मोठे कारण सुपारी हे आहे. गुटखा, मावा, खर्रा, सुगंधी सुपारी, नाव काहीही असो, सुपारीमुळे गालाचे आतले मऊ अस्तर जाड आणि ताठ होत जाते. आधी तिखट लागले की तोंडाची आग होते, मग गालाच्या आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, जीभ नीट बाहेर येत नाही आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये या रोगाचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या अस्तरात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतच राहिली. शाळकरी मुलाचे तोंड कमी उघडत असेल तर पडल्याचा इतिहास विचारावा, तसाच सुपारीचाही विचारावा. मार न देता विचारले तर मुले खरे सांगतात.

सांध्याबाहेरची आणखीही कारणे आहेत. गालाचे हाड मोडून आत दबले तर ते जबड्याला अडते. चेहरा भाजल्यावर किंवा तोंडातील मोठ्या जखमेनंतर राहिलेला व्रण आकसतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांचे स्नायू ताठ होतात. अशा रुग्णांनी उपचार सुरू असल्यापासूनच तोंड उघडण्याचे व्यायाम विचारून घ्यावेत.

कारण सांध्यात आहे की सांध्याबाहेर, हे ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही. सुपारीच्या रोगावर सांध्याची शस्त्रक्रिया उपयोगाची नाही, आणि जखडलेल्या सांध्यावर गालाला लावायच्या मलमाचा उपयोग नाही.

मुलाचे नुकसान काय होते?

पहिला परिणाम पोषणावर. दातांच्या फटीतून जाईल तेवढेच अन्न पोटात जाते. दूध, पेज, ताक, पातळ वरण यावर मूल वाढवावे लागते. दुसरा परिणाम दातांवर. आतून ब्रश करता येत नाही, दात किडतात, आणि किडलेल्या दातावर इलाज करायलाही तोंड उघडत नाही. उलटी झाली तर ती पटकन बाहेर टाकता येत नाही.

तिसरा परिणाम चेहऱ्यावर. एका बाजूचा सांधा जखडला की त्या बाजूची वाढ खुंटते आणि हनुवटी त्याच बाजूला वळते. येथे पाहणाऱ्याची फसगत होते. दुखावलेल्या बाजूचा गाल भरलेला, गुबगुबीत दिसतो आणि निरोगी बाजू लांब व चपटी दिसते. त्यामुळे घरचे लोक चांगल्याच बाजूला रोग समजतात. दोन्ही सांधे जखडले तर हनुवटी मागे जाते आणि चेहरा पक्ष्यासारखा दिसू लागतो. शाळेत मुले चिडवतात, बोलणे अस्पष्ट होते आणि मूल चारचौघांत जायचे टाळते.

चौथा परिणाम सर्वांत कमी ओळखला जातो. जबडा लहान राहिला की जीभ मागे राहते आणि झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठते, घामाघूम होते आणि दिवसा वर्गात पेंगते. अशा मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याला रात्री एकदा झोपलेले पाहावे. श्वास अडत असेल तर उपचार लांबवणे धोक्याचे असते.

निदान आणि उपचार

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला सांगितले की जखडलेल्या बाजूला हालचाल लागत नाही, यावरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो. जबड्याचा पूर्ण एक्स-रे आणि त्यानंतर सीटी स्कॅन केला की हाड किती आणि कुठपर्यंत चिकटले आहे ते कळते. चंदीगडचे शल्यचिकित्सक डॉ. सी. पी. साहनी यांनी १९८६ मध्ये या विकाराचे चार प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात सांध्यात मुख्यतः तंतू असतात, तर चौथ्यात सांध्याचे नावही उरत नाही, जबडा आणि कवटी मिळून एकच हाड होते. जगभर शल्यचिकित्सक अजूनही हे वर्गीकरण वापरतात.

हाड एकदा चिकटले की ते मालिशने, शेकाने, लेपाने किंवा गोळ्यांनी सुटत नाही. दातांमध्ये लाकूड किंवा चमचा घालून जोर लावल्याने दात मोडतात, हिरड्या फाटतात, सांधा मात्र तसाच राहतो. यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. ती दंत व मुखशल्यचिकित्सक किंवा प्लास्टिक सर्जन करतात. चिकटलेले हाड कापून काढतात, दोन हाडांमध्ये पुरेशी फट ठेवतात आणि ती पुन्हा भरून येऊ नये म्हणून कानशिलाच्या स्नायूचा किंवा त्याच्या आवरणाचा पदर मध्ये घालतात. लहान मुलांत जबड्याचे नवे टोक तयार करण्यासाठी बरगडीचा कूर्चेसह तुकडा वापरतात. मोठ्या माणसांत कृत्रिम सांधाही बसवता येतो. अमेरिकेतील डॉ. लिओनार्ड कबान यांनी १९९० मध्ये या शस्त्रक्रियेचा टप्प्याटप्प्यांचा क्रम मांडला. टेबलावरच तोंड निदान ३५ मिलिमीटर उघडले पाहिजे, हा त्यातील महत्त्वाचा आग्रह आहे. लहान राहिलेला जबडा हळूहळू ताणून लांब करण्याची पद्धत १९९२ पासून मुलांमध्ये वापरात आहे. श्वास अडणाऱ्या मुलांना तिचा विशेष उपयोग होतो.

या शस्त्रक्रियेत भूल देणे हेच मोठे कौशल्याचे काम असते. तोंड उघडत नसल्याने श्वासाची नळी नाकातून, बारीक दुर्बिणीच्या मदतीने घालावी लागते. म्हणून ही शस्त्रक्रिया तशी सोय आणि अनुभव असलेल्या मोठ्या रुग्णालयातच करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आधी दाखवता येईल. खर्चासाठी सरकारी आरोग्य योजनेत आपला रुग्ण बसतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात असणाऱ्या आरोग्यमित्राकडे करावी.

'मोठा झाल्यावर बघू' असे म्हणून वर्षे घालवू नयेत. जेवढी वर्षे जातात तेवढी जबड्याची वाढ मागे राहते.

व्यायाम सोडला तर मेहनत वाया

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले, असे या विकारात होत नाही. कापून ठेवलेली फट भरून काढण्याचा प्रयत्न शरीर करीतच असते. त्याला अडवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे रोज तोंड उघडणे. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पहिल्या काही दिवसांतच व्यायाम सुरू होतो आणि निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावा लागतो. दातांमध्ये लाकडी चपट्या पट्ट्या एकावर एक ठेवून रोज एखादी वाढवीत जायचे, किंवा जबडा उघडण्याचा स्क्रू वापरायचा, अशा त्याच्या पद्धती आहेत.

हे दुखते. मूल रडते, आईचा जीव कळवळतो आणि 'आज राहू दे' म्हणून एक दिवस जातो, मग आठवडा जातो. पुन्हा सांधा जखडलेले जे रुग्ण परत येतात त्यांच्यापैकी अनेकांचा व्यायाम असाच सुटलेला असतो. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक द्यावे, वेळ ठरवून घ्यावी, घरातील एका माणसाने जबाबदारी घ्यावी. रोज किती मिलिमीटर उघडले ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहीत जावे. आकडा वाढताना दिसला की मुलालाही हुरूप येतो.

मूल हनुवटीवर पडले तर

आता सर्वांत महत्त्वाचे. मूल हनुवटीवर पडले तर जखमेवर टाके घालून घ्यावेत, धनुर्वाताच्या लसीचे विचारावे. पण तेवढ्यावर थांबू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. कानापुढे दाबल्यावर दुखते का? सूज आहे का?

२. कानातून रक्त आले का? हनुवटीवरच्या मारानेही कानाच्या नळीची पुढची भिंत दुखावते.

३. दात नेहमीसारखे एकमेकांवर बसतात का?

४. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का?

५. तोंड पुरेसे उघडते का?

यातील काहीही वावगे वाटले तर जबड्याचा एक्स-रे काढून घ्यावा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीचे काही दिवस मऊ आहार द्यावा. त्यानंतर मूल दुखते म्हणून तोंड मिटून बसत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम सुरू करावेत.

तोंड किती उघडते हे घरीच पाहता येते. मुलाला त्याची स्वतःची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकत्र जुळवून उभी दातांमध्ये घालायला सांगावे. बोटे मुलाचीच हवीत, आपली नव्हेत. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दाखवावे. एकच जात असेल तर उशीर झालेला आहे, आता अजिबात थांबू नये. नेमके मोजायचे असेल तर शाळेची पट्टी वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमध्ये धरावी आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा.

एकदा पाहून भागत नाही. सांधा हळूहळू जखडतो. म्हणून पडल्यानंतर दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला, असे वर्षभर मोजत राहावे. आकडा आधीपेक्षा कमी होत असेल तर मूल कितीही हसत-खेळत असले तरी डॉक्टरांकडे न्यावे. तंतूंचे हाड होण्याआधी मूल हाती लागले, तर इलाज सोपा असतो. शिक्षक आणि अंगणवाडीताई यांनीही मधल्या सुट्टीत डबा खाताना एखादे मूल घास चिमटीने दातांच्या फटीतून सारत असेल, तर तिकडे लक्ष द्यावे आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला ते मूल जरूर दाखवावे.